पेशंट बघू की मुलं बघू?

प्रस्तावना

‘पेशंट बघू की मुलं बघू?’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच तोंडून. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. न्यूरो वॉर्ड माझ्याकडे होता आणि त्याच सकाळी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाच्या सहा मुलांचं पोस्टिंग सुरू झालं होतं. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत हेच वाक्य मी कितीतरी सहकाऱ्यांकडून ऐकलं. मुलं म्हणतात, ‘मॅडमना वेळच नसतो.’ पेशंट विचारतात, ‘आज शिकणारी मुलं बघणार का?’ तिघांची तक्रार वेगळी, पण तिच्यामागचं गृहीत एकच असतं. वेळ म्हणजे जणू एकच भाकरी. एकाच्या ताटात जास्त वाढली की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणार. ते गृहीत नीट तपासून पाहावं, म्हणून ही पुस्तिका लिहिली. ज्यांच्या हाताखाली दर महिन्याला मुलं पाठवली जातात, पण पेशंट सांभाळून त्यांना शिकवायचं कसं हे ज्यांना कुणीच शिकवलेलं नाही, अशा थेरपिस्टांसाठी ती आहे.

आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षणच मुळी पेशंटच्या निकडीतून उभं राहिलं. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. लुळे पडलेले हातपाय घेऊन लहान मुलं रुग्णालयात येत होती आणि त्यांना महिनोन्‌महिने व्यायाम देणारे शिकलेले हात नव्हते. १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भारतातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. साथ गेली, पण तिने आपल्याला लावलेली रीत टिकली: फिजिओथेरपिस्ट घडतो तो पेशंटच्या कॉटशेजारी.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे, हे आपल्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. २०२१च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप एक वर्षाची, एकूण शिक्षण पाच वर्षांचं झालं. ब्रिटनमध्ये पदवीपूर्वी निदान एक हजार तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्यात जावेत अशी अपेक्षा असते. जगभर तास मोजले जातात, आणि ते मोजायलाच हवेत. पण त्या तासांत मुलांच्या शेजारी कोण उभं होतं आणि नेमक्या कोणत्या क्षणी होतं, याचा रकाना कोणत्याही लॉगबुकात नसतो. मला जे सांगायचं आहे ते त्या न छापलेल्या रकान्याबद्दल.

ते मला एका चुकीने शिकवलं. चूक माझी होती.

वॉर्डात एक निवृत्त एसटी चालक होते. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली. डावा हात पूर्ण सैल, खांद्याला स्नायूंचा आधार राहिलेला नाही. त्या दिवशी त्यांना कॉटवरून खुर्चीत बसवायचं होतं आणि ते काम तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे दिलं होतं. आदल्या दिवशी तिला मी ट्रान्स्फर तोंडी विचारलं होतं. तिने चोख सांगितलं होतं: पेशंटला कडेला आणायचं, पावलं गुडघ्यांखाली टेकवायची, कमजोर गुडघ्याला आपल्या गुडघ्याने आधार द्यायचा, धरायचं ते कमरेला आणि खांद्याच्या फऱ्यामागे, पेशंटला पुढे झुकवायचं, लुळा हात कधीच ओढायचा नाही. मी लॉगबुकात सही केली आणि दुसऱ्या दिवशी दोन कॉट पलीकडे छातीच्या पेशंटकडे गेले. तिकडून मला दिसलं ते एवढंच: काकांचा तोल पुढे गेला, मुलगी घाबरली आणि तिने हाताला येईल ते धरलं. हाताला आला तो डावा हात. मी ओरडले, पण त्याआधी काका ओरडले होते.

खांदा पुढे तीन-चार आठवडे दुखत राहिला. त्या दुखण्यामुळे हाताचे व्यायाम मागे पडले. मुलगी दोन दिवस वॉर्डात आली नाही. मी तिला रागावले नाही, कारण त्या रात्री मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी तिचं उत्तर तपासलं होतं. तिचे हात तपासले नव्हते. त्या सकाळी मला तिच्याजवळ तासभर उभं राहायची गरज नव्हती. दोन मिनिटं पुरली असती, पण ती तीच दोन मिनिटं हवी होती.

या पुस्तिकेचं सगळं सांगणं त्या दोन मिनिटांत आहे. देखरेख तासांनी होत नाही, ती क्षणांनी होते. कोणते क्षण आपले आणि कोणते मुलांचे, हे आधी ठरलं की पेशंटचा वेळही वाचतो आणि मुलंही शिकतात. ठरलं नाही, तर आपण दिवसभर धावतो आणि नको तिथे उभे असतो.

माझ्या अनुभवात असे चार क्षण आहेत. पहिला, केस हातात घेण्यापूर्वीचा. ‘आज काय करणार?’ हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला ‘आज काय करणार नाहीस?’ हे विचारावं. ऑपरेशन झालेल्या पायावर किती वजन द्यायचं, पोटरी सुजून गरम लागली तर काय करायचं, रक्तदाब किती असेल तर उभं करायचं नाही, याची उत्तरं पेशंटजवळ जाण्याआधी मिळाली पाहिजेत. दुसरा क्षण, पहिला हात लागतानाचा. मूल ते काम आयुष्यात पहिल्यांदा करत असेल, तर आपण हाताच्या अंतरावर असायलाच हवं. तिसरा, बेत बदलतानाचा. पेशंट ‘चक्कर येतेय’ म्हणाला, दुखणं वाढलं, श्वास लागला की मुलाने थांबून आपल्याला हाक मारायची. ती हाक मारणं हा कमीपणा नाही, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलेलं असावं. आणि चौथा, पेशंट निघतानाचा.

चौथ्याकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जव्हारकडून पहाटेची एसटी धरून, पुढे लोकलने मुंबईला येणारा माणूस तीन आठवड्यांनी परत येणार असतो. मधल्या काळात त्याचा सगळा उपचार म्हणजे आपण शिकवलेले घरचे व्यायाम. मूल घाईने ‘दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा’ असं सांगून केसपेपर हातात देतं. पेशंटने तो व्यायाम स्वतः करून दाखवला का? घरी कॉट आहे की जमिनीवर अंथरूण? सोबत आलेल्या सुनेला कळलं का? एवढं विचारायला तीन मिनिटं लागतात. ती वाचवली, तर त्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार आणि प्रवास दोन्ही वाया जातात.

या चार क्षणांच्या मधला वेळ मुलांचा. तिथे आपण मागे हात बांधून उभं राहायला शिकलं पाहिजे, आणि हे हात लावण्याहून अवघड आहे. मूल चाचपडताना दिसलं की आपल्या तोंडून ‘दे इकडे’ निघतंच. काम भराभर उरकतं, पेशंटही मोकळा होतो. पण त्या मुलाच्या हातून पेशंट काढून घेतलेला असतो, आणि पुढच्या वेळी ते चाचपडतही नाही. आपल्या येण्याची वाट बघत उभं राहतं. धोका असेल तिथे क्षणभरही थांबू नये. नुसता उशीर होत असेल, तर मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत.

उशीर टाळायची जागा वेगळी आहे. गुडघ्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालेल्या आजींची रेंज मोजताना मी एका मुलाला पाहिलं. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा, एक दांडी मांडीवरून खुब्याच्या हाडाच्या दिशेने, दुसरी घोट्याच्या दिशेने. त्याला हे पाठ होतं. पण उंचवटा बोटांना सापडेना. आजी दुखरा गुडघा वाकवून, ओठ आवळून थांबल्या होत्या. एकदा आकडा आला, तो चुकला. पुन्हा गुडघा वाकवायला लावला. चार मिनिटं गेली. ही चार मिनिटं आजींची घ्यायची नव्हती. ओपीडी सुरू होण्याआधी अर्धा तास हाच मुलगा मित्राच्या गुडघ्यावर वीसदा मोजू शकला असता. वर्गमित्राच्या अंगावर जे शिकता येतं ते पेशंटच्या अंगावर शिकू नये. सुजलेला गुडघा, घाबरलेला माणूस, टाक्यांची ओढ हे मात्र मित्राच्या गुडघ्यावर भेटत नाही. पेशंटकडून शिकायचं ते हे.

आता भाकरीच्या हिशोबाकडे येते. समजा, एक थेरपिस्ट, चार तासांची ओपीडी आणि बारा पेशंट. म्हणजे २४० मिनिटं, प्रत्येकी २०. चार मुलं आली. प्रत्येकाला बाजूला घेऊन १५ मिनिटं शिकवायचं म्हटलं, तर तासभर गेला आणि तीन पेशंट मागे पडले. आपण बहुतेक ठिकाणी असंच करतो आणि मग ‘मुलं आली की काम अडतं’ म्हणतो. आता दुसरी मांडणी बघा. चार पेशंट थेरपिस्ट स्वतः बघते: ८० मिनिटं. उरलेले आठ पेशंट चार मुलांकडे, प्रत्येकाकडे दोन. या आठांसाठी थेरपिस्टकडे १६० मिनिटं उरतात. म्हणजे पुन्हा पेशंटमागे २०च. पण ही वीस मिनिटं मूल आणि पेशंट दोघांच्या सोबत जातात, त्या चार क्षणांवर वाटलेली. शिवाय पेशंटला मुलाचा अर्धा-पाऊण तास मिळतो, जो एरवी कुणी देऊच शकलं नसतं. पेशंटची थेरपिस्टसोबतची मिनिटं तेवढीच राहिली आणि शिकवणं त्यांच्यातच मिसळलं.

हा हिशोब एका अटीवर जमतो. चारही मुलांनी नऊच्या ठोक्याला सुरुवात केली तर चौघांचा पहिला क्षण एकदम येतो आणि सगळं कोसळतं. म्हणून मुलांच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे ठेवाव्यात. गंभीर पेशंट आणि नवखं मूल अशी जोडी एका वेळी एकच असावी. ज्याचा पेशंट अजून आलेला नाही त्याने दुसऱ्याचं निरीक्षण करून दोन ओळी लिहाव्यात. या साध्या गोष्टी आहेत, पण त्या आदल्या दिवशी कागदावर उतरलेल्या नसतील तर सकाळच्या गर्दीत सुचत नाहीत. वेळापत्रकाचे नमुने दुसऱ्या प्रकरणात दिले आहेत.

मुलं दोघा-दोघांच्या जोडीने देण्याची रीतही परदेशांत रुळलेली आहे. दोघं आधी एकमेकांना विचारतात, मग आपल्याकडे येतात. निम्मे प्रश्न वाटेतच सुटतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांच्या पोस्टिंगचा कामावर काय परिणाम होतो याच्या पाहण्या झाल्या आहेत. मुलं असताना विभागात बघितल्या जाणाऱ्या पेशंटची एकूण संख्या सहसा घटत नाही, असं त्यांतून दिसतं. पहिला आठवडा जड जातो, पुढे मुलांचे हात कामाला लागतात. आपल्याकडे जोडीऐवजी सहा-आठ जणांचा घोळका येतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर घोळक्याच्या जोड्या पाडणं हे आपलं पहिलं काम.

शिकवणं उपचारात मिसळतं ते कसं, याचं एक उदाहरण देते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी गर्दीच्या दवाखान्यात शिकवण्याची पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. मुलाकडून आधी त्याचं मत घ्यायचं, त्यामागचं कारण विचारायचं, एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं आणि मग चूक दुरुस्त करायची. खांदा दुखणाऱ्या एका बाईंसमोर आमचं बोलणं असं झालं. ‘तुला काय वाटतं?’ ‘फ्रोझन शोल्डर, मॅडम.’ ‘कशावरून?’ ‘हात बाहेर वळवताना सगळ्यात जास्त अडतो. त्यांनी वळवला तरी आणि मी वळवला तरी तेवढाच.’ मी म्हटलं, ‘स्नायूच्या दोरीचं दुखणं असतं तर त्यांना स्वतः उचलताना अडलं असतं, पण तू उचललास तर बहुतेक वेळा पुढे गेला असता. दुसऱ्या खांद्याशी ताडून बघितलंस, छान केलंस. पण एक विचारायचं राहिलं. साखर?’ मुलाच्या आधी बाईच म्हणाल्या, ‘आहे की. दहा वर्षं झाली. त्याचा खांद्याशी संबंध असतो होय?’

मधुमेह असणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो, हे त्या मुलाला आणि बाईंना एकाच वाक्यात कळलं. त्या दिवसापासून बाईंनी साखर आणि व्यायाम दोन्ही मनावर घेतले. हे घडलं, कारण आम्ही मराठीत बोलत होतो. पेशंटच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा करण्याची आपल्याला सवय आहे. परीक्षेची भाषा ती आहे, हे खरं. पण कॉटशेजारी तीच चर्चा पेशंटच्या भाषेत केली, तर शिकवण्याचं प्रत्येक मिनिट उपचाराचंही मिनिट होतं. शिवाय साध्या मराठीत समजावता येत नसेल, तर मुलाला ते कळलेलंच नाही, याची परीक्षाही तिथल्या तिथे होते. काही गोष्टी मात्र पेशंटसमोर बोलायच्या नाहीत: आजाराची अजून त्यांना न सांगितलेली बाजू आणि मुलाची खरडपट्टी. समोर चूक दुरुस्त करावी. माणूस दुरुस्त करायचा असेल तर दार लावून.

या सगळ्यात पेशंटला विचारलं का, हा प्रश्न शेवटी येतो. तो पहिला असायला हवा. ‘ही आमची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. ती तुम्हाला तपासेल, मी इथेच आहे. चालेल का?’ ही तीन वाक्यं आहेत आणि ‘नको’ हे उत्तरही हसून घ्यायचं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीपूर्ण संमती, प्रतिष्ठा आणि खासगीपणा आहे. पुरुषाकडून तपासणी होत असताना स्त्री-रुग्णासोबत दुसरी स्त्री असण्याचा हक्कही आहे. फुकट किंवा कमी पैशांत उपचार घेणाऱ्या माणसाने सहा मुलांपुढे सहा वेळा शर्ट काढावा, असं कुठल्याच सनदेत लिहिलेलं नाही. एका पेशंटची एका दिवसात एकच पूर्ण तपासणी, हा नियम आम्ही आमच्यापुरता केला आणि त्याने शिकण्याचं काही अडलं नाही.

मात्र सगळं ओझं थेरपिस्टच्या खांद्यावर टाकून ही प्रस्तावना संपवणं अन्यायाचं होईल. वर मांडलेल्या २४० मिनिटांत एक गोष्ट बसत नाही: पेशंट गेल्यावर मुलांशी निवांत बोलण्याचा अर्धा तास. ‘आज कुठे घाबरलास?’ हे गर्दीत विचारता येत नाही. तो अर्धा तास ड्युटीच्या तक्त्यावर छापलेला असला पाहिजे आणि त्यासाठी पेशंटची संख्या एक-दोनने कमी करायची तयारी रुग्णालयाने दाखवली पाहिजे. महाविद्यालयं मुलं पाठवतात. त्यांनी पाठवण्याआधी कोणत्या मुलाला काय येतं याची एक पानभर नोंदही पाठवावी. देखरेख चांगुलपणाने केलेलं जादा काम म्हणून चालवली, तर ती सगळ्यात चांगल्या माणसाला आधी दमवते. शेवटचं प्रकरण प्रशासकांना उद्देशून आहे. ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवावं, ही विनंती.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. उद्या मुलं येणार असतील तर चार क्षणांचं पहिलं प्रकरण आणि वेळापत्रकाचं दुसरं पुरेल. ऑर्थो, न्यूरो, छातीचे आजार आणि वस्तीतलं काम यांची प्रकरणं वेगळी आहेत, कारण आयसीयूत जवळ उभं राहणं आणि अंगणवाडीत जवळ उभं राहणं यांत फरक आहे.

आभार ज्यांचे मानायचे त्यांत सहकारी आहेत, माझी मुलं आहेत. पण सगळ्यात आधी ते निवृत्त एसटी चालक. ती मुलगी दोन दिवसांनी परत आली तेव्हा मी दुसरं कुणीतरी द्यायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, ‘तिलाच येऊ द्या. माझ्याकडे शिकाऊ ड्रायव्हर यायचे. पहिल्या ठोकरीनंतर गाडी काढून घेतली, तर तो पुन्हा स्टेअरिंग धरत नाही. फक्त ह्या वेळी तुम्ही शेजारच्या सीटवर बसा.’

मी बसले. तिने पावलं टेकवली, गुडघा अडवला, फऱ्यामागे हात घातला आणि त्यांचा डावा हात आपल्या दंडावर नीट ठेवून घेतला. काका खुर्चीत बसले. मला दोन मिनिटं लागली.